पडद्यावरचे बहुमत

कर्नाटक विधानसभेच्या २०१८ च्या निवडणुकीची मतमोजणी १५ मे रोजी झाली. २२४ पैकी २२२ मतदारसंघांत मतदान झाले होते आणि त्यामुळे बहुमताचा आकडा ११२ होता. वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर सकाळीच भगवा स्तंभ ही रेषा ओलांडून वर गेला. स्टुडिओतील निवेदकांचा स्वर बदलला आणि बेंगळुरूत मल्लेश्वरममधील भारतीय जनता पक्षाच्या कार्यालयासमोर जल्लोष सुरू झाला. दुपारपर्यंत तो स्तंभ हळूहळू खाली सरकला आणि अखेर १०४ वर थांबला. काँग्रेसच्या ७८ आणि निधर्मी जनता दलाच्या ३७ जागांची बेरीज ११५ होते, हे गणित त्याच दुपारी काँग्रेसच्या नेत्यांनी मांडले आणि एच. डी. कुमारस्वामी यांना मुख्यमंत्रिपद देऊ केले. ज्या पडद्यावर सकाळपासून तीन पक्षांचे तीन स्वतंत्र स्तंभ उभे होते, त्या पडद्याला ही बेरीज दाखवण्याची सोयच नव्हती. दोन स्तंभ जोडून एक करायचा तर त्याला रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न संपादकांसमोर भरदुपारी उभा राहिला.

दूरचित्रवाणीवरील राजकीय कार्यक्रमांचे सेट, त्यांवरील नकाशे, स्तंभ आणि रंग यांकडे सजावट म्हणून पाहण्याची सवय आहे. निकालाच्या दिवशी मात्र याच सजावटीतून कोण जिंकले आणि कोण हरले हे ठरल्यासारखे वाटते. राजभवन, पक्षांची मुख्यालये आणि रोखेबाजार यांच्या पहिल्या प्रतिक्रिया त्या पडद्यावर बेतलेल्या असतात. बेंगळुरू हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण इथल्या राजकारणाची चौकट दुपेडी नाही आणि पडद्याची चौकट बहुधा दुपेडी असते.

आघाडी म्हणजे काय?

स्तंभ वर का चढतो आणि खाली का येतो, हे मतमोजणीच्या पद्धतीत दडलेले आहे. सकाळी आठ वाजता टपाली मतांची मोजणी सुरू होते, त्यानंतर अर्ध्या तासाने मतदान यंत्रे उघडली जातात. एका मतदारसंघासाठी सर्वसाधारणपणे चौदा टेबले मांडलेली असतात आणि एका फेरीत चौदा मतदान केंद्रांची मते मोजली जातात. कर्नाटकात २०२३ मध्ये ५८ हजारांहून अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे मतदारसंघामागे सरासरी २६०. मोजणी पूर्ण व्हायला अठरा-एकोणीस फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत जे पुढे असतील त्यांच्या नावावर वाहिनी एक जागा लिहून टाकते. पंधरा हजारांच्या अधिक्याने जवळपास निकालात निघालेली जागा आणि चौदा केंद्रांतल्या दोनशे मतांची जागा यांची उंची स्तंभात सारखीच भरते. ‘विजयी’ आणि ‘आघाडीवर’ असे दोन रकाने असतात खरे; परंतु ते बारीक अक्षरांत, आणि ठळक आकडा असतो तो दोहोंच्या बेरजेचा.

त्यातच निवडणूक आयोगाच्या अधिकृत आकड्यांची वाट न पाहता वाहिन्या मोजणी केंद्रांवरील आपापल्या वार्ताहरांकडून आकडे घेतात. आयोगाच्या यादीत पन्नास जागांचे कल आलेले असताना पडद्यावर दीडशे भरलेले असू शकतात. ज्या वाहिनीचा एकूण आकडा मोठा ती पुढे, अशी ही स्पर्धा आहे. राजकीय पक्षांच्या स्पर्धेच्या वरती वाहिन्यांची ही दुसरी स्पर्धा चाललेली असते आणि प्रेक्षकाला दोन्हींचा निकाल एकाच आकड्यात वाचावा लागतो.

शेवटच्या मतापर्यंत थांबणे किती आवश्यक असते, याचा प्रत्यय १३ मे २०२३ च्या रात्री बेंगळुरूतच आला. काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले होते, सेटवरची मंडळी मुख्यमंत्री कोण यावर वाद घालत होती आणि पडद्यावर १३६ हा आकडा पक्का झाला होता. जयनगर मतदारसंघात मात्र फेरमोजणी चालू होती. रात्री उशिरा भाजपचे सी. के. राममूर्ती काँग्रेसच्या सौम्या रेड्डी यांच्यावर १६ मतांनी विजयी झाल्याचे जाहीर झाले आणि १३६ चे १३५ झाले. सरकार कोणाचे यावर या एका जागेने काही फरक पडला नाही. 

स्तंभ कोणाचा, ठरवतो कोण?

स्तंभात कोणाला एकत्र बसवायचे आणि कोणाला वेगळे ठेवायचे, हा निर्णय मतमोजणीपूर्वीच घेतलेला असतो. तो चित्रकाराचा वाटला तरी प्रत्यक्षात राजकीय भाष्यकाराचा असतो. महाराष्ट्रात २४ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रत्येक मराठी वाहिनीवर ‘महायुती’ हा एकच ठोकळा होता. भाजपच्या १०५ आणि शिवसेनेच्या ५६ अशा १६१ जागा त्यात बसल्या होत्या, १४५ ची रेषा केव्हाच ओलांडली होती. समोरच्या ठोकळ्यात राष्ट्रवादीच्या ५४ आणि काँग्रेसच्या ४४ अशा ९८ जागा होत्या. त्या संध्याकाळी महाराष्ट्राचा निकाल निर्विवाद दिसत होता. महिनाभरात पहिला ठोकळा दुभंगला आणि त्याचा तुकडा दुसऱ्याला जाऊन चिकटला. बेंगळुरूत स्वतंत्र स्तंभ एक झाले, मुंबईत एक स्तंभ दोन झाला. दोन्हीकडे आकडे बरोबर होते, चुकली होती ती त्यांच्याभोवती आखलेली चौकट.

निधर्मी जनता दलाचा हिरवा रंग या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. २०१८ च्या प्रचारात तो स्वतंत्र होता, निकालानंतर काँग्रेसच्या रंगाशेजारी गेला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तो काँग्रेसच्या आघाडीतच होता आणि राज्यातील २८ पैकी २५ जागा जिंकून भाजपने ती आघाडी पार झोपवली. २०२३ ला तो पुन्हा एकटा झाला. १९ जागांवर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा पक्ष राष्ट्रीय लोकशाही आघाडीत दाखल झाला आणि २०२४ ला वाहिन्यांनी त्याच्या दोन जागा भाजपच्या १७ मध्ये मिळवून १९ चा भगवा स्तंभ दाखवला. सहा वर्षांत एका पक्षाने पडद्याच्या तीन कोपऱ्यांत मुक्काम केला. हिरव्या रंगावर कोणा एकाची मालकी आहे असेही नाही. बी. एस. येडियुरप्पा यांनी १७ मे २०१८ रोजी शपथ घेतली ती खांद्यावर शेतकऱ्यांची हिरवी शाल घेऊन, आणि पडद्यावर त्यांच्या नावामागे भगवी पट्टी होती.

या दुपेडी चौकटीचा उगम इंग्लंडमध्ये आहे. बीबीसीने १९५५ च्या निवडणुकीत ‘स्विंगोमीटर’ हा लंबक प्रथम वापरला. दोन पक्ष, मधोमध काटा, तो जितका एका बाजूला झुकेल तितक्या जागा त्या पक्षाला. या विषयातले जाणकार डेव्हिड बटलर यांच्यासोबत प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी भारतीय निवडणुकांचा अभ्यास केला तेव्हा नुसता लंबक इथे चालणार नाही हे त्यांना दिसले होते. म्हणूनच त्यांनी विरोधी ऐक्याचा निर्देशांक त्याला जोडला. प्रणय रॉय आणि विनोद दुआ यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर निकालांचे विश्लेषण लोकप्रिय केले त्या काळी मतपत्रिका हाताने मोजल्या जात, निकाल यायला दीड-दोन दिवस लागत आणि मधल्या वेळात हिंदी चित्रपट दाखवले जात. विश्लेषकाला विचार करायला उसंत मिळे. आजच्या सेटवर ती नाही. तिथे जमिनीतून विधानसौधाची त्रिमिती प्रतिमा उगवते आणि निवेदक तिच्या पायऱ्यांशी उभा राहून आकडे वाचतो.

कर्नाटकात लंबक का चालत नाही, हे मतांच्या टक्केवारीवरून कळते. २०१८ मध्ये काँग्रेसला ३८ टक्के मते होती आणि भाजपला ३६. जागांत मात्र भाजप पुढे होता. २०२३ मध्ये भाजपचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपासच राहिला, तरी जागा १०४ वरून ६६ वर आल्या. मधल्या काळात घसरला तो निधर्मी जनता दल, १८ वरून १३ टक्क्यांवर. आणि काँग्रेस ४३ टक्क्यांच्या जवळ पोचली. जुन्या म्हैसूर भागात खरी झुंज काँग्रेस आणि निधर्मी जनता दल यांच्यात असते, उत्तरेकडे ती काँग्रेस आणि भाजप यांच्यात असते. दोन वेगळ्या निवडणुकांची सरासरी काढून एक काटा फिरवला तर तो दोन्हींपैकी एकीचेही वर्णन करत नाही. तरीही निकालाच्या रात्री ‘भाजपविरोधी लाट’ हा मथळा पडद्यावर झळकला. लाट असलीच तर ती भाजपच्या मतांवरून गेली नव्हती.

नकाशातला मराठी प्रदेश

पडद्यावरचा नकाशा हे त्याहून फसवे साधन आहे. तो जमीन रंगवतो, मते जमिनीला नसतात. उत्तर कन्नड जिल्हा सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचा आहे, त्यात घाट आणि अरण्य मोठे, आणि विधानसभेच्या जागा सहा. बेंगळुरू नगर जिल्ह्याचे क्षेत्र त्याच्या एकपंचमांशाहूनही थोडे अधिक, आणि महानगरात जागा २८, म्हणजे सबंध विधानसभेचा एकअष्टमांश. राज्याचा नकाशा रंगवला की राजधानी ठिपक्याएवढी उरते आणि कारवारचे जंगल डोळ्यांत भरते. २०२३ मध्ये काँग्रेसने राज्य जिंकले. बेंगळुरूत मात्र २८ पैकी १६ जागा भाजपकडे राहिल्या. एवढा मोठा अपवाद नकाशावर दिसायचा तर भिंग हवे होते. प्रत्येक मतदारसंघाला सारख्या आकाराचा षटकोन देण्याची युक्ती जगभर वापरली जाते. परंतु मग राज्याची ओळखीची आकृती मोडते आणि ती मोडायला निर्माते सहसा राजी नसतात.

प्रादेशिक विभागणी हा त्यापुढचा मुद्दा. बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड, गदग आणि हावेरी हे सहा जिल्हे धरले तर मुंबई कर्नाटकाच्या ५० जागा होतात. कारवारकडचा उत्तर कन्नड जिल्हा त्यात घातला तर ५६. तोच जिल्हा किनारपट्टीत धरला तर तिकडे १९ होतात. इतिहासाने पाहिले तर तो १९५६ पूर्वी मुंबई राज्यातच होता. राजकीय कल पाहिला तर किनाऱ्याशी त्याचे नाते अधिक. कोणती वाहिनी तो कुठे धरते यावर ‘मुंबई कर्नाटक कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर बदलते, आणि हा निर्णय पडद्यावर कुठेही सांगितलेला नसतो. नावेही बदलली आहेत. हैदराबाद कर्नाटकाचे २०१९ मध्ये कल्याण कर्नाटक झाले. बसवराज बोम्मई यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई कर्नाटकाचे नाव कित्तूर कर्नाटक केले. २०२३ च्या निवडणुकीत कन्नड वाहिन्यांच्या नकाशावर मुंबई हा शब्द दिसेल न दिसेल, याकडे बेळगावकरांचे लक्ष असणे साहजिक होते. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केलेला आहे आणि नकाशावरील प्रत्येक अक्षराला तिथे अर्थ आहे.

बेळगाव जिल्ह्यात १८ जागा आहेत. बेंगळुरूखालोखाल सर्वांत मोठा गठ्ठा हाच. त्यातला मराठी मतदार पडद्यावर शोधायचा तर तो ‘इतर’ या करड्या पट्टीत शोधावा लागतो, आणि बऱ्याचदा तिथेही सापडत नाही. महाराष्ट्र एकीकरण समिती हा आयोगाकडे नोंदलेला पक्ष नाही. तिचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले, ते आयोगाच्या तक्त्यात राज्यभरातल्या नऊ अपक्षांमध्ये मोजले गेले. कुठे व्यक्तिगत वजनावर, कुठे पक्षाने तिकीट नाकारले म्हणून निवडून आलेले अपक्ष, आणि भाषिक चळवळीच्या नावावर निवडून आलेले हे दोन आमदार, यांचा रंग एकच. २०१८ आणि २०२३ मध्ये समितीला एकही जागा मिळाली नाही. तिच्या उमेदवारांनी कोणाचे गणित बिघडवले, मराठी मते फुटली की राष्ट्रीय पक्षांकडे वळली, हे प्रश्न करड्या पट्टीमागे गेले. समितीच्या गटबाजीचा यात मोठा वाटा आहे हे मान्य करावे लागेल. पक्ष म्हणून नोंदणी नसल्याची किंमतही तिनेच मोजली आहे. परंतु ज्याला पडद्यावर स्वतःचा रंग नाही त्याच्या पराभवाचेही विश्लेषण होत नाही, हा अनुभव बेळगाव-खानापूरच्या मतदाराने दोनदा घेतला.

जातींच्या वर्तुळालेखांची कथा याहून गमतीची आहे. लिंगायत १७ टक्के, वक्कलिग १५ टक्के असे वाटे दाखवणारी रंगीत वर्तुळे कर्नाटकच्या प्रत्येक निवडणुकीत फिरत राहिली. सर्व जातींची जनगणना १९३१ नंतर झालेली नव्हती. कर्नाटक सरकारने २०१५ मध्ये घरोघर सर्वेक्षण केले, पण त्याचा अहवाल आयोगाने सरकारला सादर केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि मंत्रिमंडळापुढे तो उघडला गेला एप्रिल २०२५ मध्ये. त्याला लिंगायत आणि वक्कलिग नेत्यांचा विरोध झाला तो मुख्यत्वे आपली संख्या कमी दाखवल्याच्या कारणावरून. त्यानंतर नव्या सर्वेक्षणाचा निर्णय झाला. म्हणजे २०१८ आणि २०२३ च्या सेटवर झळकलेली वर्तुळे अंदाजांवर उभी होती. त्या वर्तुळांत मराठा समाज ‘इतर मागास’ किंवा नुसताच ‘इतर’ असे. मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक दृष्टीपथात येताच येडियुरप्पा सरकारने मराठा विकास मंडळाची घोषणा केली आणि त्याविरुद्ध कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. वाहिन्यांना ज्या समाजासाठी रंग सापडला नव्हता त्याच्यासाठी सरकारला मंडळ काढावे लागले, ही विसंगती त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

सभागृहाचा कॅमेरा

स्टुडिओतील प्रतिमा एवढ्या प्रबळ होण्यामागे एक कारण असे की, प्रत्यक्ष सभागृहाची प्रतिमा मोजून-मापून मिळते. याला १९ मे २०१८ चा दिवस अपवाद ठरला. येडियुरप्पा यांना राज्यपाल वजुभाई वाला यांनी बहुमत सिद्ध करण्यासाठी दिलेली पंधरा दिवसांची मुदत सर्वोच्च न्यायालयाने कापली आणि विश्वासमताच्या कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे हे मान्य झाले. न्यायालयाच्या दृष्टीने पारदर्शकतेची हमी कॅमेऱ्यात होती. देशाने त्या दिवशी विधानसौधातले भाषण आणि त्याअखेरचा राजीनामा पाहिला. बहुमताची रेषा दाखवण्याची गरजच पडली नाही, मतदान झालेच नाही.

जुलै २०१९ मध्ये आघाडीतील आमदारांनी राजीनामे दिले आणि पडद्यावर छायाचित्रांची जाळी आली. प्रत्येक चेहऱ्याखाली मुंबईतील हॉटेलचा मुक्काम, काहींवर लाल फुली, काहींवर प्रश्नचिन्ह. पवईच्या हॉटेलबाहेर पावसात अडवलेले डी. के. शिवकुमार आणि शेजारच्या चौकटीत ही जाळी, असे दृश्य दिवसभर चालले. त्या जाळीत राजीनाम्यांच्या वैधतेचा आणि पक्षांतरबंदी कायद्याचा प्रश्न चेहऱ्यांच्या हजेरीपटात उतरला. २३ जुलैला कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी कोसळले. विधानसभाध्यक्ष रमेश कुमार यांनी १७ आमदारांना अपात्र ठरवले.

भाजपचे सरकार आल्यानंतर अध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी यांनी ऑक्टोबर २०१९ च्या तीन दिवसांच्या अधिवेशनात खासगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना सभागृहात मनाई केली. लोकसभेप्रमाणे चित्रण एकाच अधिकृत स्रोताकडून घ्यावे, असा त्याचा आधार होता. लोकसभेचा दाखला अगदीच चुकीचा नाही. परंतु तिथला अनुभव असा की, गोंधळ सुरू झाला की कॅमेरा अध्यक्षांच्या आसनाकडे वळतो आणि विरोधी नेत्यांच्या भाषणातही तो तिकडे वळल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावावेळी सभागृहात नोटांची बंडले फडकली ती लोकसभेच्या स्वतःच्या प्रक्षेपणात दिसली, हा त्या व्यवस्थेतला विरळा प्रसंग.

कर्नाटकात खासगी कॅमेऱ्याने काय पाहिले होते, हे आमदारांच्या चांगले स्मरणात होते. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी सभागृहात मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिली जात असल्याचे दृश्य प्रसारित झाले आणि तीन मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी पद सोडावे लागले. त्यांपैकी एक सीमाभागातील अथणीचे लक्ष्मण सवदी. ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्री झाले, आणि कॅमेऱ्यांना मनाई झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध कोणी सिद्ध केलेला नाही. एवढे मात्र झाले की, त्या तीन दिवसांत वाहिन्यांकडे सभागृहातून आलेले ठरावीक चित्र होते आणि उरलेला पडदा स्टुडिओतील चौकटींनी, फिरत्या घुमटांनी आणि स्तंभांनी भरून निघाला.